दोन नामांतरे : ‘प्रभात’चे चित्रपट आणि परिनिरीक्षण

तुळजापूरच्या भवानीच्या उपासनेतील जोगवा व गोंधळ हे मुळात विधी होत. सोळाव्या शतकात एकनाथांनी त्यांचे रूपक केले. देवीच्या नावाने मागितलेली भिक्षा त्यांच्या रचनेत द्वैत निरसण्याची याचना ठरते. विधीचे बाह्य रूप राखून त्यात दुसरा अर्थ वसवण्याची ही रीत मराठी श्रोत्याच्या अंगवळणी पडलेली होती. हाच श्रोता पुढे चित्रपटाचा प्रेक्षक झाला आणि वासाहतिक परिनिरीक्षणाची अडचण तेथेच उद्भवली.

१९१८च्या कायद्यान्वये मुंबईत परिनिरीक्षण मंडळ आले. कायदेभंगाच्या वर्षी, १९३० साली, ‘प्रभात’ने शिवचरित्रावरील मूकपटाला ‘स्वराज्याचे तोरण’ असे नाव दिले. मंडळाच्या हरकतीनंतर तो ‘उदयकाल’ म्हणून प्रदर्शित झाला. १९३५ साली व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘महात्मा’चा ‘धर्मात्मा’ झाला. त्यात बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेत होते. एकनाथांनी अस्पृश्याघरी भोजन केल्याची कथा जुनीच. पण १९३२च्या पुणे करारानंतर ती वर्तमानाविषयी बोलू लागली आणि ‘महात्मा’ या शब्दाने कोणाचा बोध होतो, हे सांगावे लागत नव्हते.

दोन्ही प्रसंगी मंडळाने संहितेचे वाचन अचूक केले, असेच म्हणावे लागते. चूक झाली ती उपायात. अर्थ शीर्षकात साठलेला असतो, या समजुतीने नाव बदलले गेले. परंतु रूपक प्रेक्षकाच्या स्मृतीत राहते आणि तेथे कात्री पोहोचत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात प्रश्नाचे स्वरूप पालटले. १९५२च्या कायद्याने परिनिरीक्षण कायम ठेवले. अब्बास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली ते वैध ठरवले. १९८९च्या रंगराजन निकालाने मात्र हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्तीचा बळी देता येणार नाही, असे बजावले. या निकालाची गरज भासावी, यातच स्थित्यंतर दिसते. पूर्वी धार्मिक विषय हा राजकीय आशयाचा आडोसा होता. आता धार्मिक विषयच असुरक्षित झाला. पूर्वीचा परिनिरीक्षक दुसऱ्या अर्थाला भीत होता, तर आजचा आक्षेपक दुसरा अर्थ संभवतो हेच मानत नाही. शीर्षक गमावूनही ‘धर्मात्मा’चा आशय टिकला, कारण जोगव्यातील रूपक ओळखणारा समाज समोर होता. कलास्वातंत्र्याची चर्चा केवळ कायद्यापाशी थांबवली, तर वाचनाची ही सामूहिक क्षमता का क्षीण झाली, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.