हवाई चुंबकीय सर्वेक्षण व खोल भूकवच

विमानातून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे सलग मापन करून त्यातील स्थानिक फरकांवरून भूपृष्ठाखालील खडकांविषयी अनुमान काढण्याची पद्धती म्हणजे हवाई चुंबकीय सर्वेक्षण होय. धातुकांच्या व पाणबुड्यांच्या शोधासाठी वाढलेली ही पद्धती पुढे भूकवचाच्या तळभागाच्या अभ्यासाचे साधन बनली. तिच्या इतिहासातील हाच भाग सर्वांत वादग्रस्त आहे.

स्वीडनमध्ये एकोणिसाव्या शतकातच चुंबकसूचीच्या साहाय्याने लोहधातुके शोधीत. मात्र हे काम जमिनीवर एकेका ठिकाणी थांबून करावे लागे. सोव्हिएट रशियात ए. ए. लोगाचेव्ह यांनी १९३६ मध्ये विमानातून मापन केले. त्यांच्या उपकरणाला सु. १,००० नॅनोटेस्लाहून लहान फरक कळत नसल्याने मोठ्या लोहसाठ्यांपलीकडे त्याचा फारसा उपयोग नव्हता. तरीही या पद्धतीचा आरंभ दुसऱ्या महायुद्धात झाला असे मानणे बरोबर नाही. युद्धकाळात बदलली ती उपकरणाची संवेदनक्षमता. गल्फ कंपनीच्या पिट्सबर्ग येथील प्रयोगशाळेत व्हिक्टर व्हाक्ये यांनी विकसित केलेला फ्लक्सगेट चुंबकत्वमापक पाणबुड्या हुडकण्यासाठी विमानांवर बसविण्यात आला. त्याच साधनाने १९४४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील बॉयरटाउन येथे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने नौदलाच्या सहकार्याने भूवैज्ञानिक हेतूने उड्डाण केले.

विशेष म्हणजे हवाई नकाशे उपलब्ध होण्यापूर्वीच, १९४१ मध्ये, व्हाक्ये व जे. ॲफ्लेक यांनी भूकवचाचा चुंबकीय थर किती खोलवर संपतो हा प्रश्न हाती घेतला होता. खडकांचे चुंबकत्व मुख्यत्वे मॅग्नेटाइट या खनिजामुळे असते व सु. ५८०° से. या क्यूरी तापमानाला ते लोप पावते. खोलीबरोबर तापमान वाढत असल्याने चुंबकीय थराचा तळ सापडला, तर भूमीत न शिरता एका ठराविक तापमानाची खोली कळेल, असा हा विचार होता.

उथळ खडकांमुळे होणारी विसंगती अरुंद व तीव्र असते, तर खोल खडकांमुळे होणारी रुंद व मंद असते. या तत्त्वावर व्हाक्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रचिनाकार प्रतिकृतींचे तक्ते दीर्घकाळ वापरात होते. मात्र खडकाचा माथा शोधणे सोपे, तळ शोधणे अवघड. कारण तळाचा परिणाम माथ्याच्या परिणामात बुडून जातो. ए. स्पेक्टर व एफ. एस. ग्रँट यांच्या १९७० च्या सांख्यिकीय विश्लेषणाने या कामास नवी दिशा दिली. बी. के. भट्टाचार्य व एल. के. ल्यू यांनी १९७५ मध्ये यलोस्टोन प्रदेशाचा क्यूरी पृष्ठाचा नकाशा मांडला. तेथील ज्वालामुखी महाकुंडाखाली हे पृष्ठ आजूबाजूपेक्षा उथळ आढळले.

प्राचीन व थंड ढालप्रदेशांत ५८०° से. तापमान भूकवचाच्याही खाली असू शकते. मग चुंबकीय थर कोठे संपतो? पी. जे. वासिलेव्स्की व इतरांनी १९७९ मध्ये असे प्रतिपादन केले की, प्रावरणाचे खडक बहुतांशी अचुंबकीय असल्याने मोहोरोव्हिसिक असांतत्य हीच चुंबकीय सीमा होय. प्रावरणाचा वरचा भाग काही ठिकाणी चुंबकीय असावा, असे पुरावे अलीकडे पुढे आल्याने हा वाद मिटलेला नाही. शिवाय एवढ्या खोलीसाठी शेकडो किमी. रुंदीचे क्षेत्र लागते, आणि वेगवेगळ्या वर्षांची लहान सर्वेक्षणे जोडताना नेमक्या रुंद विसंगतीच हरवतात. १९७९-८० मधील मॅगसॅट उपग्रहाने ही उणीव अंशतः भरून काढली.

भारतात दोन परस्परविरुद्ध परिस्थिती आढळतात. तमिळनाडूत भूकवचाच्या खोल भागात घडलेले चार्नोकाइट खडक उत्थानामुळे उघडे पडले आहेत. हवाई नकाशांतील विसंगतींची त्यांच्या प्रत्यक्ष चुंबकत्वाशी तुलना करता येते. महाराष्ट्रात मात्र सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे दख्खनचे बेसाल्ट स्वतःच तीव्र चुंबकीय असून त्यांच्या पुष्कळशा थरांचे चुंबकन आजच्या क्षेत्राच्या उलट दिशेचे आहे. त्यामुळे खालच्या खडकांचा परिणाम झाकोळतो. १९६७ च्या भूकंपाने हादरलेल्या कोयना परिसरात हवाई चुंबकीय मापनाला गुरुत्व-प्रवणतेच्या मापनाची व विंधन छिद्रांची जोड द्यावी लागली, ती यामुळेच. रासाटी येथे सु. ९३२ मी. बेसाल्ट भेदल्यावर ग्रॅनाइट-पट्टिताश्मांचा आधारखडक लागला.