सायकलवरून कामाला जाताना कपडे कोणते घालावेत?

वसमत - सकाळी सहा वाजता मोंढ्याकडे निघालेल्या सायकलस्वाराच्या अंगात स्वेटर असतो. दुपारी तोच स्वेटर हँडलला लटकलेला दिसतो आणि सायंकाळी परतताना अचानक आलेल्या सरीत तो चिंब भिजतो. हिवाळा संपून उन्हाळा लागण्याच्या दिवसांत मराठवाड्यात हे चित्र नवे नाही. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीस व मार्चमध्ये याच भागाला गारपिटीने झोडपले होते. ऋतू पाहून कपडे काढण्या-ठेवण्याची आपली जुनी पद्धत अशा हवेत अपुरी पडते. हवा आता महिन्यांनी नव्हे, तर तासांनी बदलते.

हळदीची मोठी बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्याच्या गावी सायकल हे अद्यापही कामाचे वाहन आहे. मोंढ्यातील हमाल, दुकानांतील नोकर, साखर कारखान्यात पाळीने जाणारे कामगार, शाळा-महाविद्यालयांतील मुले-मुली अशा अनेकांची तिच्यावर भिस्त असते. २०११ च्या जनगणनेनुसार शेती आणि घरगुती उद्योग वगळता अन्य कामांवर जाणाऱ्या देशातील कामगारांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. मात्र सायकलस्वाराचे कपडे म्हटले की शर्यतीतील तंग, रंगीबेरंगी पोशाखच डोळ्यांपुढे येतो. रोज तीन-चार किलोमीटर जाणाऱ्या माणसाला त्याची गरज नाही. घरातल्याच कपड्यांची निवड विचारपूर्वक केली तरी पुष्कळ काम भागते.

ही निवड करताना एकच नियम पाळावा. घरातून निघताना कशी हवा आहे याबरोबरच परतताना ती कशी असेल, याचाही विचार करावा. जातानाचे कपडे अंगावर आणि परतीचे कपडे कॅरिअरवर, असा हा साधा हिशेब आहे.

अंगातली उष्णता विसरू नका

पायडल मारताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातील साधारण पाव हिस्साच सायकल पुढे नेण्याच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. त्यामुळे दारात उभे असताना जे कपडे पुरेसे उबदार वाटतात, तेच दहा मिनिटांनी नकोसे होतात. निघताना किंचित थंडी वाजावी इतपतच कपडे घालणे योग्य.

एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालणे अधिक सोयीचे ठरते. आतला कपडा घाम टिपून घेणारा, मधला ऊब देणारा आणि बाहेरचा वारा-पाऊस अडवणारा असावा. गरजेप्रमाणे एकेक उतरवता येतो. उतरवलेला कपडा मात्र हँडलला लटकवू नये. बाही पुढच्या चाकात गेली की सायकल जागीच थांबते आणि स्वार पुढे फेकला जातो. कपडा घडी करून कॅरिअरला आवळावा किंवा पाठीवरच्या पिशवीत ठेवावा.

उन्हाळ्यात सुतीच बरे

एप्रिल-मे महिन्यांत या भागात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर जाऊन ते सरासरीहून किमान साडेचार अंशांनी अधिक असेल, तर हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापली की अंगावर येणारा वारा उष्णता घेऊन जाण्याऐवजी ती आणून टाकतो. तेव्हा शरीराला गार ठेवण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लिटर घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. जो घाम नुसताच टपकतो, त्याचा असा उपयोग होत नाही.

म्हणूनच उन्हाळ्यात सैल, फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा उत्तम. सुती कापड घाम शोषून घेते आणि कोरड्या हवेत तो भराभर वाळतो. उकडते म्हणून अर्ध्या बाह्यांचा शर्ट किंवा बनियन घालून जाणारे ऊन थेट कातडीवर घेतात. डोक्याला आणि मानेला गुंडाळलेला ओला रुमाल किंवा गमजा ही आपल्याकडची जुनी रीत शास्त्राच्या कसोटीवरही उतरते. त्याचे टोक मात्र खोचलेले असावे.

असे असले तरी दुपारी बारा ते चार या वेळात कोणताही कपडा पुरेसे संरक्षण देईल, या भ्रमात राहू नये. चक्कर, मळमळ, बोलण्यात असंबद्धता ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा माणसाला तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि विनाविलंब दवाखान्यात हलवावे.

पावसाळ्यात गणित उलटते

उन्हाळ्यात उपकारक ठरणारे सुती कापड पावसाळ्यात त्रासदायक होते. हवा दमट असल्याने त्यातील पाणी वाळत नाही. कापड जड होते, अंगाला चिकटते आणि घर्षणाने मांड्या सोलवटतात. जीनची पँट तर यात सर्वांत वाईट. दिवसभर ती वाळत नाही. पॉलिस्टरचा धागा मात्र पाणी जवळजवळ शोषतच नाही. म्हणून पावसाळ्यात पातळ, विणीच्या पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि तशीच पँट झटकली की लवकर वाळते. खेळाच्या मैदानावर वापरले जाणारे हे कपडे तालुक्याच्या बाजारपेठेतही सहज मिळतात.

रेनकोटबाबतही गल्लत होते. स्वस्त प्लॅस्टिकचा रेनकोट बाहेरचे पाणी अडवतो, त्याबरोबर आतला घामही अडवतो. चढावर जोर लावून पायडल मारणारा माणूस त्यामुळे आतूनच भिजतो. पाठीवर व काखेत हवा जाण्यासाठी झडपा असलेला रेनकोट त्या मानाने बरा. पाणी अडवून वाफ बाहेर सोडणारे पडद्याचे कापड १९७० च्या दशकात बाजारात आले. पण ते महाग आहे आणि आपल्याकडील उबदार, दमट पावसात त्याचा गुण निम्माच दिसतो, कारण वाफ बाहेर जाण्यासाठी बाहेरची हवा थंड व कोरडी असावी लागते. खरेदी करताना शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, हे अवश्य पाहावे. पाणी बहुधा कापडातून नव्हे, शिवणीतून शिरते.

अंगावरून नुसता टाकायचा, झुलीसारखा रेनकोट हवेशीर असतो. पण वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो आणि खालची कड चाकात जाऊ शकते. जुलैच्या उबदार पावसात अंतर थोडे असेल तर सरळ भिजत जावे आणि कोरडे कपडे दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत बांधून न्यावेत, हा मार्ग अनेकदा अधिक शहाणपणाचा ठरतो.

पायांचा विचार स्वतंत्रपणे करावा. आपली काळी माती ओली झाली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसते. मग सायकल ढकलत चालावे लागते. अशा वेळी अंगठ्याची चप्पल चिखलात रुतून राहते. मागे पट्टा असलेली रबरी सँडल सोयीची. कापडी बूट मात्र टाळावेत.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. विजेपासून कोणताही रेनकोट किंवा रबरी तळ वाचवत नाही. गडगडाट ऐकू आला की सायकल बाजूला लावून पक्क्या इमारतीत थांबावे. झाडाखाली थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये, असा दंडक आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेची पूर्वसूचना देण्यासाठी 'दामिनी' हे मोबाईल अ‍ॅप तयार केले आहे. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात अतिवृष्टीने पाणी शिरले होते. तसा पाऊस असेल तेव्हा प्रश्न कपड्यांचा उरत नाही. घरीच थांबणे हिताचे.

हिवाळ्यात छाती झाका

डिसेंबर २०१८ च्या अखेरीस शेजारच्या परभणीत पारा पाच अंशांच्याही खाली गेला होता. दर वर्षी इतकी थंडी नसते. तरी ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल चालवणाऱ्याला स्थिर हवेतही तेवढाच वारा समोरून लागतो. विणलेल्या लोकरी स्वेटरमधून हा वारा आरपार जातो. ऊब देण्याचे काम स्वेटर करतो, वारा अडवण्याचे काम पातळ, घट्ट विणीचे जाकीट करते. दोन्ही एकत्र घातले तरच उपयोग.

जाकीट नसेल तर वर्तमानपत्राची घडी शर्ट आणि स्वेटर यांच्यामध्ये छातीवर धरावी. हा उपाय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'टूर द फ्रान्स' या जगप्रसिद्ध शर्यतीत घाट उतरताना सायकलपटू वर्षानुवर्षे हेच करीत आले आहेत. पोहोचल्यावर कागद काढून टाकता येतो. हात आणि कान मात्र झाकलेले हवेत. बोटे बधिर झाली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. कानटोपी किंवा मफलर बांधताना आजूबाजूचा हॉर्न ऐकू येईल, इतकी मोकळीक ठेवावी.

दिसणे हाही बचाव

थंडीच्या दिवसांतच उसाचा गळीत हंगाम असतो. पहाटेच्या धुक्यात आणि रात्री उसाने भरलेले ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यावर असतात. अशा वेळी काळे जाकीट, तपकिरी शाल किंवा गडद निळा रेनकोट घातलेला सायकलस्वार चालकाला दिसतच नाही. कपड्यांच्या निवडीतील सर्वांत गंभीर चूक हीच.

रंगांबाबत एक भेद ध्यानात घ्यावा. चमकदार पोपटी किंवा नारिंगी रंग दिवसा आणि ढगाळ हवेत उठून दिसतो, पण अंधारात त्याचा उपयोग नाही. रात्री उपयोगी पडते ती दिव्याचा झोत परत फेकणारी चंदेरी पट्टी. ती पाठीवर असावीच, शिवाय घोट्यांवरही असावी. पायडल मारताना वर-खाली हलणारी पट्टी पाहून समोर माणूस आहे हे चालकाला लवकर कळते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या अभ्यासांत आढळले आहे. अशी पट्टी मीटरवर विकत घेऊन जुन्या जाकिटावर शिवून घेता येते. मात्र पट्टी स्वतः उजेड देत नाही. मागचा लाल दिवा त्यासोबत हवाच. पाठीवर पिशवी घेतली तर पट्टी झाकली जाते, म्हणून एक तुकडा पिशवीवरही लावावा.

ओढणी, साडी आणि साखळी

सायकलची साखळी उजव्या बाजूला असते. त्यामुळे उजव्या पायाची मोहरी क्लिपने किंवा रबराने बांधावी, नाही तर मोज्यात खोचावी. सैल पायजमा आणि सलवार यांना हा नियम विशेष लागू आहे.

ओढणीचा धोका याहून मोठा आहे. गळ्याभोवती असलेल्या ओढणीचे टोक मागच्या चाकात अडकले, तर गळ्याला फास बसून जीवावर बेतू शकते. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून आडोसा असावा, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच म्हटले आहे. सायकलला हा नियम लागू नसला तरी धोका तोच आहे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील अनेक विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळाल्या. सायकल देताना मुलीला ओढणीची गाठ कशी मारावी हेही घरच्यांनी सांगायला हवे. ओढणी दोन्ही खांद्यांवरून पुढे घेऊन कमरेला घट्ट बांधावी. त्याहून बरे म्हणजे ती दप्तरात ठेवावी. उन्हासाठी बांधलेल्या स्कार्फची टोकेही कुर्त्याच्या आत खोचावीत. मागच्या चाकावर जाळी आणि साखळीवर पूर्ण झाकण बसवून घ्यावे. साडी नेसून सायकल चालवणाऱ्यांनी पदर कमरेला खोचल्याशिवाय निघू नये.

पिशवीत काय असावे?

- वर्षभर : पाठीवर व घोट्यांना लावायच्या चंदेरी पट्ट्या, मोहरीसाठी क्लिप, दोन प्लॅस्टिक पिशव्या.
- फेब्रुवारी ते मे : पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, रुमाल, पाण्याची बाटली, अवकाळी पावसासाठी घडीचा रेनकोट.
- जून ते सप्टेंबर : लवकर वाळणारे कपडे अंगावर, कोरडा जोड पिशवीत, पायात पट्ट्याची सँडल.
- ऑक्टोबर : परतीच्या पावसासाठी रेनकोट, दुपारच्या उन्हासाठी रुमाल.
- नोव्हेंबर ते जानेवारी : पातळ स्वेटर, त्यावर वारा अडवणारे जाकीट, हातमोजे, कानटोपी.

यातील बहुतेक वस्तू घरात असतातच. घराबाहेर पडण्यापूर्वी आकाशाकडे एकदा पाहावे, हवामान विभागाचा इशारा वाचावा आणि परतीची वेळ आठवून पिशवी भरावी. या पाच मिनिटांच्या सवयीने आजारपण टळते आणि अपघाताची शक्यताही कमी होते.