पतपेढी आणि परोपकार

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं मंदिर कोणी बांधलें, घंटा कोणी अर्पण केली, ह्याचा वृत्तांत लिहिण्याची आपल्याकडे रूढि आहे. परंतु त्या घंटेच्या नादावर उठणाऱ्या कुटुंबांनीं सावकाराच्या दारीं न जातां आपली चूल कशी पेटती ठेवली, हाहि धर्मग्रामाचा इतिहासच होय. पावसानें वारंवार ओढ दिलेल्या ह्या धाराशिव जिल्ह्यांत तो सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

दिनांक 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपानें लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद हे दोन्ही जिल्हे हादरले. सास्तूरसारखीं गांवें जमीनदोस्त झालीं. हजारों जीव गेले. देशोदेशींहून धान्य, वस्त्रें, पैसा आला. जागतिक बँकेनेंहि पुनर्वसनासाठीं कर्ज दिलें. त्या उपकाराचें विस्मरण होऊं नये. पण देणगी एकदां येते, पेरणी दरवर्षीं येते. नाबार्ड ह्या संस्थेनें 1992 सालीं देशांतील 500 बचतगट बँकांशीं जोडण्याचा प्रयोग आरंभिला होता. भूकंपानंतरच्या वर्षांत आपल्या जिल्ह्यांतील स्त्रियाहि अशा गटांत एकत्र आल्या. जिच्या नांवावर गुंठाभर जमीन नाहीं, तिची पत शेजारणीच्या शब्दावर उभी राहिली.

हा विचार ख्रिस्तसभेस नवा नाहीं. इटलींतील पेरुजा नगरांत 1462 सालीं फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेनें गरिबांकरितां एक पेढी निघाली. वस्तु तारण ठेवून अल्प मोबदल्यावर ती कर्ज देई. असा मोबदला घेणें हें व्याजखोरीचें पाप नव्हे काय, असा वाद पुष्कळ काळ चालला. अखेर पोप दहावे लिओ ह्यांच्या कारकीर्दींत, 1515 सालीं, पांचव्या लॅटरन परिषदेनें निर्णय दिला कीं, पेढीच्या खर्चापुरती माफक रक्कम घेण्यांत दोष नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत हेंच बीज वसईस रुजलें. तेथील शेतकऱ्यांस सावकारी पाशांतून सोडविण्यासाठीं मोन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्या धर्मगुरूंनीं 1918 सालीं पतपेढी स्थापन केली. तीच आज बेसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून नांवारूपास आली आहे. रविवारीं प्रवचन करणाऱ्या धर्मगुरूस सोमवारीं हिशेबाची वही उघडण्यांत कमीपणा वाटला नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

अलीकडे समाजऋण कायद्यांतहि आलें आहे. 2013 च्या कंपनी कायद्यान्वयें मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यास लावावे लागतात. बहुराज्य सहकारी संस्थांस मात्र 2002 च्या कायद्यानें निव्वळ नफ्याच्या 5 टक्क्यांपर्यंत दान करण्याची मुभा आहे, सक्ति नाहीं. शाळेस बांकें मिळावीं, रुग्णास औषध मिळावें, हें इष्टच. तथापि पेढीचें पुण्य ह्या टक्क्यांवर तोलावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. नफ्याचा तुकडा देणारी पेढी दाती खरी. पण भूमिहीन विधवेस वेळेवर, माफक व्याजानें आणि मानानें कर्ज देणारी पेढी खरी शेजारीण होय.

प्रभु येशूच्या दाखल्यांतील दयाळू शोमरोन्यानें जखमा बांधल्या, आणि पुढें खाणावळवाल्यापाशीं दोन दिनार ठेवून अधिक खर्चाची हमीहि घेतली. त्या हमीचा वारसा आपल्या गटांनीं व पेढ्यांनीं चालवावा. घेतलेलें कर्ज आपणहि प्रामाणिकपणें फेडावें, कारण आपण परत केलेल्या रुपयावरच दुसऱ्याची पेरणी अवलंबून असते. ज्युबिलीच्या वर्षीं प्रभुचरणीं आमचें हेंच मागणें आहे.