नागपुरांतील शाळांचें दार

नागपुराहून ईशान्येकडे निघालेला जुना रस्ता कामठीवरून पुढें रामटेकास जातो. या रस्त्याच्या एका टोकास भोसल्यांची राजधानी, मध्यें इंग्रजांची लष्करी छावणी आणि दुसऱ्या टोकास रामाची टेकडी. नागपूर प्रांतांतील विद्येचा इतिहास सांगावयाचा झाल्यास तो बहुतेक सगळा याच रस्त्याच्या आधारें सांगतां येतो.

त्यांतील सर्वांत प्राचीन भाग रामटेकचा. टेकडीपासून जवळच असलेलें नगरधन म्हणजे वाकाटकांची नंदिवर्धन नगरी असें विद्वान् मानतात. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा ऋद्धपूर येथें मिळालेला ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे. मेघदूतांतील यक्षाचें वसतिस्थान तें हेंच, असें मत महामहोपाध्याय मिराशी यांनीं साधार मांडलें. तेव्हां या भूमीस विद्या नवी नव्हती. पण त्या विद्येचें दार अरुंद होतें. वेदविद्या व शास्त्रें ठराविक कुळांत चालत; आणि गांवोगांवच्या पंतोजींच्या शाळांत धूळपाटीवर अक्षरें गिरवून मोडी, पाढे व हिशेब शिकणारीं मुलें बहुधा ब्राह्मण, कारकून व व्यापारी यांच्या घरचीं असत. मुलींचा व अस्पृश्य गणलेल्या जातींचा तेथें प्रश्नच उद्‌भवत नसे. शाळा कोठें आहे, यापेक्षां शाळेचें दार कोणास उघडें आहे, हाच शिक्षणाच्या इतिहासांतला खरा प्रश्न होय.

इ. स. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीची लढाई झाली आणि अप्पासाहेब भोसल्यांची सत्ता संपुष्टांत आली. पुढें तिसऱ्या रघूजींच्या नांवानें राज्य चालू राहिलें. पण त्याचीं सूत्रें बव्हंशीं रेसिडेंटाच्या हातीं गेलीं. १८२१ सालीं कामठीची छावणी वसली. तेथील पलटणी मद्रासकडील असल्यामुळें बाजारांत मराठीच्या जोडीस तामीळ व तेलुगु भाषा ऐकूं येऊं लागल्या. याच छावणींत १८४५ च्या आरंभीं स्टीफन हिस्लॉप नांवाचे एक तरुण स्कॉटिश मिशनरी येऊन दाखल झाले. स्कॉटलंडांतील धर्मसंस्थेंत १८४३ सालीं जी मोठी फूट पडली, तींतून निघालेल्या फ्री चर्च या पंथाचे ते होते. त्यांनीं प्रथम मराठी शिकण्यास प्रारंभ केला, आणि १८४६ च्या मे महिन्यांत नागपूर शहरांत शाळा उघडली. पुढें हिस्लॉप कॉलेज म्हणून जी संस्था प्रसिद्धीस आली, तिचें मूळ तें हेंच.

या शाळेसंबंधीं एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. ती चालविणारांचा हेतु व तींत मुलें पाठविणारांचा हेतु हे एक नव्हते. मिशनऱ्यांस ज्ञानाच्या वाटेनें धर्मप्रसार करावयाचा होता, आणि तो हेतु त्यांनीं कधींहि लपविला नाहीं. आईबापांस इंग्रजी पाहिजे होती. मुंबई व कलकत्त्याकडे इंग्रजी जाणणारास काय किंमत येते, याची वार्ता नागपुरास पोंचली होती. आणि राज्य आज भोसल्यांचें असलें तरी उद्यांचा कारभार कोणत्या भाषेंत चालणार, हें चाणाक्ष लोकांच्या ध्यानांत आलें होतें. धर्माचा तास सोसावा आणि गणित, भूगोल व इंग्रजी घरीं आणावी, असा हा अलिखित करार होता.

अशा कराराची कसोटी लवकरच लागते. मुंबईंत १८३९ सालीं डॉ. विल्सन यांच्या शाळेंतील पारशी विद्यार्थ्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां ती शाळा पारशी मुलांनीं जवळजवळ रिकामी केली होती. नागपुरासहि १८४८ सालीं तसाच प्रसंग आला. एक तरुण ख्रिस्ती होण्याच्या इच्छेनें मिशनऱ्यांकडे गेला आणि राजाच्या हुकुमानें त्यास अटकेंत ठेवण्यांत आलें. राजा व इंग्रज यांच्यांतील तहाप्रमाणें आपल्या प्रजाजनांवर अधिकार राजाचा होता. त्यामुळें छावणींत इंग्रजी फौज असतांहि मिशनऱ्यांचें कांहीं चाललें नाहीं. नागपूरच्या गृहस्थांना यावरून एक उमगलें, आणि मिशनऱ्यांना दुसरें. शाळा ही घरापासून मुलगा तोडूं शकते, ही पहिली गोष्ट. आणि लोकांच्या विश्वासावांचून शाळा एक दिवसहि चालत नाहीं, ही दुसरी. तरीहि शाळा बंद पडली नाहीं. राग व गरज यांच्या झगड्यांत अखेर गरजेची सरशी झाली.

१८५३ च्या डिसेंबरांत रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढील वर्षीं लॉर्ड डलहौसीनें नागपूरचें राज्य खालसा केलें. त्याच वर्षीं, १८५४ च्या जुलैंत, सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता विलायतेहून आला. खासगी शाळांस, मग त्या कोणत्याहि धर्माच्या लोकांनीं चालविलेल्या असोत, ऐहिक शिक्षण नीट मिळत असल्यास व सरकारी तपासणी मान्य असल्यास, सरकारनें अनुदान द्यावें, असें तत्त्व त्यांत घालून दिलेलें होतें. हिंदुस्थानांतील बहुतेक खासगी हायस्कुलें पुढें ज्या पायावर उभीं राहिलीं तो पाया हाच.

पण अनुदानानें दार आपोआप रुंद होत नाहीं. १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलास प्रवेश नाकारण्यांत आला. प्रकरण वरपर्यंत गेलें, आणि सरकारी शाळा सर्व जातींस मोकळ्या असाव्यात हें तत्त्व विलायतेंतील अधिकाऱ्यांनीं मान्य केलें. परंतु तत्त्व कागदावर उतरणें आणि तें वर्गांतील बांकावर उतरणें, यांत दोन पिढ्यांचें अंतर पडलें.

हिस्लॉप यांच्याविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, ती म्हणजे त्यांची शिकण्याची हौस. रॉबर्ट हंटर या आपल्या सहकाऱ्याबरोबर ते नागपूरच्या आसपासचे दगड व अश्मीभूत अवशेष गोळा करीत. नागपूरच्या भूस्तरांसंबंधींचा त्यांचा निबंध लंडनच्या भूशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकांत १८५५ सालीं प्रसिद्ध झाला. टाकळीच्या काळ्या खडकाच्या थरांमधले गोड्या पाण्यांतील शिंपले व शंख त्यांनीं विद्वानांच्या नजरेस आणले. गोंड लोकांच्या वस्त्यांतून हिंडून त्यांनीं त्यांची भाषा, चालीरीती आणि लिंगोची दीर्घ कथागीतें लिहून घेतलीं. जो समाज कोणत्याहि शाळेच्या पटावर नव्हता, त्याच्याजवळहि ज्ञान आहे, हें या मास्तरांनीं ओळखलें होतें. गोंडांचीं तीं गीतें सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून काढलीं. पण तें पुस्तक पाहण्यास हिस्लॉप राहिले नव्हते.

मध्यप्रांत १८६१ सालीं निर्माण झाला आणि टेंपल त्याचे चीफ कमिशनर होऊन आले. १८६३ च्या सप्टेंबरांत टेंपल व हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथें प्राचीन शिलावर्तुळें पाहण्यास गेले. परततांना गांवांतील शाळा तपासण्यासाठीं हिस्लॉप मागें राहिले. अंधार पडला, पावसानें बोरीजवळील नाला फुगला, आणि तो ओलांडतांना ४ सप्टेंबर रोजीं ते बुडाले. वय अवघें शेहेचाळीस वर्षांच्या आंतबाहेर. ज्या वर्तुळांसाठीं ते गेले होते, त्यांचें शास्त्रशुद्ध उत्खनन १९६८-६९ सालीं नागपूर विद्यापीठानें डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखालीं केलें, आणि विदर्भांतील लोहयुगीन समाजाचें चित्र त्यांतून स्पष्ट झालें.

शाळा मात्र चालूच राहिली. १८६७ सालीं मुंबईकडील आगगाडी नागपुरास पोंचली. त्याच वर्षीं रामटेकास म्युनिसिपालिटी स्थापन झाली. कोर्टकचेऱ्या, रेल्वे आणि १८७७ सालीं सुरू झालेली एम्प्रेस मिल यांमुळें इंग्रजी शिकलेल्या तरुणांस मागणी वाढली. तरीहि मॅट्रिकच्या पुढें शिकावयाचें तर घर सोडावें लागे. सागरचें सरकारी कॉलेज १८७३ सालीं जबलपुरास हलविण्यांत आलें होतें. पण नागपूरच्या मध्यम स्थितींतील घरास तेंहि परदेशच होतें. ही अडचण १८८३ सालीं हिस्लॉप कॉलेजानें आणि १८८५ सालीं मॉरिस कॉलेजानें दूर केली. त्यांतलें दुसरें उभें राहिलें तें मुख्यतः नागरिकांच्या वर्गणींतून व उत्साहांतून. पहिली शाळा परक्यांनीं उघडली आणि गांवानें साशंकतेनें वापरली. चाळीस वर्षांनीं त्याच गांवानें पदरचा पैसा घालून कॉलेज काढलें. शाळेचा संस्थापक कोण, हें कोनशिलेवरून कळतें. शाळा कोणाची झाली, हें अशा गोष्टींवरून कळतें. १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें तेव्हां परीक्षांसाठीं कलकत्ता व अलाहाबाद यांच्याकडे पाहण्याची गरजहि उरली नाहीं.

इतिहास येथेंच थांबविला असतां तो गोड वाटला असता. परंतु विद्यापीठ उभें राहत असतांनाच त्याच शहरांत दाराचा जुना प्रश्न पुन्हां उभा राहिला होता. जाईबाई चौधरी यांचा जन्म १८९२ सालीं उमरेड येथें एका महार कुटुंबांत झाला. दुष्काळामुळें कुटुंब नागपुरास आलें. नागपूर-कामठी या रस्त्यानें डोक्यावर ओझीं वाहून त्यांनीं पोट भरलें. त्यांना लिहितां-वाचतां येतें, हें एका मिशनरी बाईंच्या ध्यानांत आलें आणि त्यांनीं जाईबाईंस दरमहा चार रुपयांवर एका मिशन शाळेंत शिक्षिकेची जागा दिली. मुलांना शिकविणारी बाई अस्पृश्य आहे असें कळतांच वरच्या जातींच्या पालकांनीं शाळेवर बहिष्कार घातला. जाईबाईंची नोकरी गेली.

येथें १८४८ सालची आठवण होणें साहजिक आहे. तेव्हां पालकांना भीति होती ती मुलगा घरापासून तुटेल याची. आतां भीति होती ती शिक्षिकेच्या सान्निध्याची. पहिलींत बापाचें काळीज होतें. दुसरींत केवळ जातीचा अभिमान. आणि जी मिशनची व्यवस्था राजाच्या रागास पुरून उरली होती, ती पालकांच्या या बहिष्कारापुढें नमली.

जाईबाई मात्र नमल्या नाहींत. १९२२ सालीं त्यांनीं नागपुरांत संत चोखामेळ्याच्या नांवानें मुलींची शाळा काढली. जो संत देवळाच्या दाराबाहेर उभा राहिला, त्याचें नांव शाळेच्या दारावर लावण्यांत मोठें औचित्य होतें. जवळ राजाश्रय नाहीं, विलायतेंतील चर्चचा पैसा नाहीं, शहरांतील धनिकांच्या वर्गण्या नाहींत. अशा स्थितींत वस्तीवस्तींतून मुली गोळा करून त्यांनीं ती शाळा वाढविली, आणि पुढें ती हायस्कूलच्या दर्जास पोंचली. १९३७ सालीं नागपुरास भरलेल्या महिला परिषदेंत त्यांना जेवणाच्या वेळीं वेगळें बसविण्यांत आलें, तेव्हां दलित स्त्रियांनीं निषेधाची सभा घेतली. आणि १९४२ च्या जुलैंत त्याच शहरांत दलित महिलांची जी अखिल भारतीय परिषद भरली, तिला हजारों स्त्रिया आल्या. ज्या बाईस वर्गांतून बाहेर घालविलें होतें, तिच्या पिढीनें आतां सभामंडप भरला होता.

अस्पृश्यता नष्ट करणारें राज्यघटनेचें कलम १९५० सालीं अमलांत आलें. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा त्यानंतर साठ वर्षांनीं, २०१० सालीं लागू झाला. रामटेक येथें १९९७ सालीं कालिदासाच्या नांवानें संस्कृत विद्यापीठ स्थापन झालें. एके काळीं कुळाकुळांत कोंडलेली विद्या तेथें आज कायद्यानें सर्वांस मोकळी आहे. रस्ता तोच आहे. टेकडीहि तीच आहे.

नागपूरच्या या शंभर-सवाशे वर्षांच्या कथेंत राजा आहे, मिशनरी आहे, सरकार आहे आणि वर्गणी देणारे नागरिकहि आहेत. प्रत्येकानें शाळेचें दार थोडें थोडें उघडलें, आणि प्रत्येकानें तें आपल्या सोयीपुरतेंच उघडलें. तें पुरतें उघडण्याचें काम मात्र ज्यांना बाहेर ठेवलें होतें त्यांनाच करावें लागलें. हायस्कुलाचा इतिहास लिहितांना निकालांचे आंकडे, मुख्याध्यापकांचीं नांवें व इमारतींचे खर्च अवश्य लिहावे. परंतु त्याबरोबर पटावर नसलेल्या मुलांचीहि नोंद असावी. त्या नोंदीवांचून इतिहास अपुरा राहतो, आणि शाळाहि.