चालणारा आवाज



धान कापून झालं की आपल्या भंडाऱ्यात मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक रंगतं. आम्ही बाया नेहमी एका कडेला बसणाऱ्या. खलनायक मंचाच्या त्या टोकाला गरजायचा, आवाज मात्र आमच्या जवळच्या भोंग्यातून यायचा. आम्ही हसून सोडून द्यायचो.

इंग्लंडचे अभियंते ॲलन ब्लूमलाइन यांनी मात्र ते सोडून दिलं नाही. सिनेमात नट एका कडेला आणि आवाज भलतीकडून, हे त्यांना खटकलं, असं सांगतात. डिसेंबर १९३१ मध्ये त्यांनी यावरच्या उपायाच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९३५ मध्ये हेज स्टेशनवरच्या गाड्यांचं चित्रण केलं. त्यात गाडीबरोबर आवाजही सरकत जातो.

हे घडतं कसं? डोळे मिटले तरी गाईच्या गळ्यातली घंटा कुठून कुठे चालली ते आपल्याला कळतं. डावीकडचा आवाज डाव्या कानात किंचित आधी आणि थोडा जोरात पोचतो. वेळेतला हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. आता समोर दोन स्पीकर ठेवा. एकाचा आवाज हळूहळू उतरवा, दुसऱ्याचा चढवा. स्पीकर जागचे हलत नाहीत, पण आवाज इकडून तिकडे चालत गेल्यासारखा वाटतो.

१९४० मध्ये वॉल्ट डिस्ने यांच्या ‘फँटासिया’साठी थिएटरातच अनेक स्पीकर बसवले. खर्च इतका, की मोजक्याच ठिकाणी ते जमलं. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ आला. मुंबईच्या मिनर्व्हात ७० मिमी पडदा आणि स्टिरिओ आवाज. उडवलेलं नाणं खणखणलं की लोक खुर्चीखाली बघायचे, असं आजही सांगतात. खेड्यांत पोचली ती संवादांची तबकडी, तीही एकाच भोंग्यातून.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. दोन स्पीकरची ही किमया खरी कळते ती मध्ये बसणाऱ्याला. कडेला बसलं की जवळचा स्पीकर दुसऱ्याला झाकून टाकतो. नाटकात दोन्ही पेट्यांतून एकच आवाज येतो; मध्ये बसलेल्याला तो निदान मंचावरून आल्यासारखा वाटतो, आम्हाला तेवढंही नाही. चूक आमच्या कानांची नव्हती, जागेची होती.

म्हणून यंदा मंडईत आम्ही मधली जागा मागणार आहोत. तुम्हीही मागा.