बोलावणे दाराशी गेले तेव्हा

टेंभुर्णीहून कुर्डुवाडीमार्गे बार्शीला गेलो, की नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल लागते. १९८७ साली येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. नुसत्या रुग्णालयांच्या कागदांवर भागणार नव्हते. खेड्यातली बाई तिथवर पोचतच नसे. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला तर अंगावर काढू नका, असे सांगत राहिले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकरच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण वाढले.

लक्षण नसताना तपासून घेणे मात्र वेगळे. ‘मला काही होत नाही, मग मजुरी का बुडवू?’ हा प्रश्न आपण अडाणीपणा म्हणून उडवून लावू नये. १९९९ ते २००३ या काळात याच रुग्णालयाने मुंबईच्या टाटा मेमोरियलसह शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख स्त्रियांना घरोघर जाऊन मोफत तपासणीला बोलावले. तपासणाऱ्या परिचारिकाच होत्या. शंभरातल्या ७९ जणी आल्या! हा रोग ज्या विषाणूमुळे होतो त्याची चाचणी ज्या गटात झाली, तेथले मृत्यू आठ वर्षांत, नेहमीच्याच सेवेवर सोडलेल्या गटाच्या मानाने, जवळपास निम्मे असल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. (असा गट ठेवण्यावर पुढे टीका झाली, आम्हांलाही ती रास्त वाटते.)

आलेल्यांत तिशीतल्या, अधिक शिकलेल्या, कुटुंबनियोजनाची साधने वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण जास्त होते. दवाखान्याची पायरी त्या आधीच चढलेल्या असाव्यात. घरी राहिलेल्यांत वयाने मोठ्या जास्त. हा रोग मात्र चाळिशीनंतरच अधिक आढळतो.