गोव्याचं चोरीस: चांगलं कसं ओळखाल, कुठे घ्याल?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लाल मण्यांसारख्या माळा टांगलेल्या दिसतात. हेच गोव्याचं प्रसिद्ध सॉसेज, कोकणीत ‘चोरीस’.

नाव आलं पोर्तुगीज ‘शोरिसो’वरून. पोर्तुगालमध्ये त्यात पाप्रिका आणि वाइन घालतात. गोव्यात त्यांच्या जागी सुकी लाल मिरची आणि माडीचं व्हिनेगर आलं. डुकराचं मांस आणि चरबी मीठ, लसूण, आलं, मिरी, लवंग यांत मुरवून आतड्यात भरतात आणि उन्हात वाळवतात. म्हणूनच पावसाळ्याच्या बेगमीत, म्हणजे ‘पुरुमेंता’त, त्याला हक्काची जागा असते.

कुठे मिळेल? म्हापसा, मडगाव आणि पणजीच्या बाजारांत.

घेताना काय पाहाल? वास आंबट-मसालेदार हवा. बुरशी, चिकटपणा किंवा कुजका वास असेल तर घेऊ नका.

महत्त्वाचं म्हणजे, वाळवलेलं असलं तरी हे सॉसेज कच्चंच असतं. आवरण काढून कांदा-बटाट्यासोबत थोड्या पाण्यात पूर्ण शिजवा. चरबी सुटते, त्यामुळे वेगळं तेल लागत नाही. मीठही चव बघूनच घाला. मग गरम पावात भरा, चोरीस-पाव तयार!